मधल्या भिंतीचा लोणा

डिंगोरे,
दि. १४ जुलै १९९६

चि. सौ. अंजना हिस सयाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, गोरखला चार शब्द सुनाव. तुझं तो ऐकतो, निदान तुझ्यासमोर मान तरी हलवतो. माझ्याशी त्याचं बोलणं वाटण्या झाल्यापासून बंद आहे, हे तुला नव्यानं सांगायला नको. बापूंनी बांधलेल्या एका घराची आपण मधल्या भिंतीवरून दोन घरं केली. पूर्वेकडचं माझं, पश्चिमेकडचं त्याचं. भिंत तेवढी सामाईक राहिली आणि तीच आता जिवावर उठली आहे.

माझ्या बाजूला तिथं स्वयंपाकघर आहे. भिंतीला लोणा लागलाय. पांढरं पीठ फुटतं, चुन्याचे पोपडे सुटतात, विटेवरून हात फिरवला तर भुगा हातात येतो. तुझी वहिनी भाकरी थापायला बसली की परातीत लाल माती पडते. सोमाजी गवंड्याला आणून दाखवलं. तो म्हणाला की पलीकडनं शिमीट मारलंय, म्हणून तिकडची समदी ओल दादा तुमच्या अंगावर आलीय. गोरखनं मागच्या दिवाळीआधी पुढच्या खोलीत टीव्हीसाठी आणि मागच्या खोलीत उगीच, असा सगळा गिलावा सिमेंटचा करून घेतला, तेव्हाच मला यात डाव दिसला होता. वर मागच्या खोलीत खताची पोती भिंतीला लावून छातीइतकी रचली आहेत. युरिया त्याचा, खार फुटतो माझ्या चुलीमागं.

त्याला सांग की सिमेंट खरवडून काढ आणि पोती हलव. नाहीतर मी पंचायतीत अर्ज देणार आहे. मग भाऊ म्हणून माझ्याकडं बघायचं नाही.

बाकी क्षेम. भुईमूग बरा उगवलाय. पाहुण्यांना रामराम सांग. उत्तराला उशीर करू नकोस.

तुझा दादा,
सयाजी


घोडेगाव,
२३ जुलै ९६

चि. गोरख यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

दादाचं पत्र आलं. तुमच्या दोघांच्या मध्ये हातभर जाडीची भिंत. तिच्या अलीकडचं गाऱ्हाणं पलीकडे पोचवायला पत्र डिंगोऱ्याहून जुन्नर, जुन्नरहून घोडेगाव असं येतं आणि उत्तर त्याच वाटेनं परत जातं. यंदा दिवाळीला पोस्टमनला दोघांनी चांगली पोस्त द्या. तुमच्या घराण्यात सध्या तोच एक कामाचा माणूस आहे.

दादा म्हणतो, तू सिमेंट लावून ओल त्याच्याकडे लोटलीस. असं खरंच केलं असशील तर तुझी बुद्धी धन्य आहे. पोती तरी हलव. खत काय भिंतीला घालायचं असतं? सिमेंटचं काय ते मला खरंखरं कळव, दादाला शिव्या न घालता. शिव्या वगळल्या तर तुझं पत्र पोस्टकार्डावर मावेल हे मला माहीत आहे.

चि. श्रेयाला पापा. तिचे दुधाचे दात पडले का?

तुझी अक्का


डिंगोरे,
३ ऑगस्ट १९९६

ती. सौ. अक्कास गोरखचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दादानं काय लिहिलं ते मला तुझ्याआधीच ठाऊक होतं. वहिनीनं ते त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, भिंतीजवळ बसून, मला ऐकू जावं म्हणून. तो सकाळी खोकतोसुद्धा भिंतीकडे तोंड करून.

आता माझं ऐक. ओल येते ती त्यांच्याच मोरीची. वाटणीनंतर वहिनीनं भांडी घासायची मोरी परसातून उचलून स्वयंपाकघरात आणली, ती थेट भिंतीच्या बुडाशी. शेजारी पाण्याचा रांजण, तो बारा महिने पाझरतो. ते पाणी भिंतीतून माझ्याकडे यायचं. मागच्या पावसाळ्यात चुन्याचा थर सुटून श्रेयाच्या अंथरुणावर पडला. पोरगी तेव्हा उठून दात घासायला गेली होती म्हणून बचावली. मग मी सिमेंट लावू नको तर काय भिंतीची पूजा करू? सोमाजीनंच लावून दिलं. तो तर म्हणाला की भाऊ, तुमचा काय बी दोष न्हाई, पाणी येतंय पलीकडनं, तुमी आपली बाजू पक्की करा. आता तोच गवंडी दादाकडे जाऊन वेगळं बोलत असेल तर ज्याच्या घरचा चहा त्याच्या बाजूची भिंत, असा त्याचा हिशेब दिसतो.

पोती हलवणार नाही. पोती ठेवायला मला दुसरी जागा वाटणीत आली नाही. गोठा दादाला गेला हे तू विसरलीस, कारण मागच्या भाऊबीजेला तू आधी त्याच्याकडे शिरलीस, पोटभर जेवलीस आणि माझ्याकडे येऊन नुसता चहा घेतलास. श्रेयाच्या आईनं पुरण घातलं होतं. ते तिनं गाईला चारलं.

राग मानू नये. मानलास तरी माझा इलाज नाही.

तुझा,
गोरख


डिंगोरे,
१९ मार्च १९९७

चि. सौ. अंजना हिस आशीर्वाद.

तू गोरखची बाजू घेऊन मोरी हलवायला सांगितलंस, ते वाचलं. मोरी हलणार नाही. तुझ्या वहिनीचे गुडघे गेलेत, ती परसात जाऊन भांडी घासणार नाही. बहीण म्हणून तुला मध्ये घातलं, तर तू न्यायाधीश होऊन बसलीस.

आता तुमच्या कोणाच्याच उपकाराची गरज उरलेली नाही. मीही सिमेंट मारलं आहे. सोमाजीला सांगितलं की त्याच्यापेक्षा जाड मार. भिंत खरवडली तेव्हा विटांमधली माती अशी भसाभसा गळाली की दोन घमेली भरली. त्या फटीत सिमेंट ठोकून भरलं, वर गिलावा केला आणि त्यावर हिरवा ऑइलपेंट. पाण्याचा थेंब आत येणार नाही आणि बाहेरही जाणार नाही. चुलीच्या उजेडात भिंत नुसती चमकते. आता बघू त्याची ओल कुठं तोंड काढते ते.

ऊस तुटून गेला. बाकी ठीक.

सयाजी


घोडेगाव,
६ एप्रिल ९७

ती. दादास शि. सा. न. वि. वि., आणि चि. गोरख यास आशीर्वाद.

खाली कार्बन घालून एकच पत्र दोघांना लिहिते आहे. अक्षर पुसट आलं त्यानं मला कमी लेखलं असं समजू नये. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, पुसट प्रत गोरखला निघाली.

मी गवंडी नाही, पण माझी अंगणवाडी भरते ती खोली अशाच जुन्या विटांची आहे, मातीत बांधलेली. मालकानं तिला आतून सिमेंट फासलं. वर्षभर छान दिसली. मग ओल बाहेरच्या बाजूनं फुटली. मग त्यानं बाहेरूनही फासलं. पुढच्या पावसाळ्यात पाणी भिंतीत चढत चढत वर गेलं आणि आढ्याचं लाकूड कुजलं. आता आम्ही पोरांना मारुतीच्या देवळात बसवतो. पाण्याला कुठूनतरी बाहेर पडायचंच असतं. चुन्यातून ते श्वास टाकल्यासारखं निघून जातं. तुम्ही दोघांनी दोन्हीकडून त्याचं तोंड दाबलं आहे. आता ते वर जाईल, आणि वर आपल्या घराची तुळई आहे.

दोघांनी एकाच दिवशी आपापली बाजू खरवडा. मोरी हलवा, पोती हलवा. उन्हाळा आहे तोवर भिंत उघडी वाळू द्या. मग चुन्याचा गिलावा.

ती भिंत बांधली तेव्हाचं तुम्हाला आठवत नसेल. दादा, तू होतास, पण तुझं लक्ष बैलात. गोरख, तू आईच्या कडेवर. माती तुडवायला बापूंनी मला उतरवलं होतं, परकर गुडघ्याच्या वर खोचून. दिवसभर तुडवत होते. रात्री पाय ठणकले तर आईनं गरम तेल चोळलं. त्या मातीत माझे पाय आहेत, म्हणून तुमच्यासारखं मला तिच्यावर भांडता येत नाही.

आणि एक लिहितेच. वाटण्या झाल्यापासून मी डिंगोऱ्यात एक रात्र राहिलेली नाही. दादाकडे झोपले तर गोरख रुसतो, गोरखकडे झोपले तर दादा खोकतो. दोघांना ओवाळते आणि शेवटच्या गाडीनं परत येते. सासरी बायका विचारतात, माहेरी चार दिवस राहत का नाहीस? मी म्हणते, अंगणवाडीला सुट्टी नसते. हे खोटं बोलून मला आता वीट आला आहे.

उत्तर दोघांनी पाठवावं, एकमेकांना न विचारता, नेहमीसारखंच.

अंजना


डिंगोरे,
२९ ऑगस्ट १९९७

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

उशीर झाला. तुझ्या पत्रावर मी काही करणार नाही हे तुला कळवायचं होतं, म्हणून घाई नव्हती.

तू म्हणालीस तसं झालं, त्याचा तुला आनंद होत असेल. टीव्हीच्या मागं गिलावा फुगला आहे. ठोकला तर पोकळ वाजतो. जमिनीपासून तुळईपर्यंत भेग गेली आहे, करंगळी जाईल एवढी. तिच्यातून दादाच्या स्वयंपाकघरातला उजेड दिसतो. श्रेया तिथं डोळा लावून काकूला हाका मारते, तिला दोनदा मारलं.

पण मी आधी खरवडणार नाही. जो आधी उघडील, सगळं पाणी त्याच्याच बाजूला फुटणार, हे तुझ्याच पत्रावरून निघतं. एकाच दिवशी खरवडा म्हणतेस, पण दादा खरवडतोय की नुसता आवाज काढतोय हे मला कोण सांगणार? श्रेयाची आई म्हणते की पडू द्या एकदाचं, आपलं आपण वेगळं बांधू. मलाही तेच पटतं. स्लॅबचं बांधू, मधे मोकळी बोळ ठेवून.

गोरख


डिंगोरे,
९ सप्टेंबर १९९७

चि. सौ. अंजनास आशीर्वाद.

परवा स्वयंपाकघरातला गिलावा दाराएवढा एकसंध उतरला. हिरवा रंग लागलेला तसाच. वहिनी ताक घुसळायला बाहेर बसली होती. आत विटा पेढ्यासारख्या झाल्या आहेत. तुळईचं टोक भिंतीत गेलं आहे तिथं मी सळई टोचली तर अर्धा हात आत गेली. सध्या वासे लावून टेकू दिलाय.

गोरखनं त्याची बाजू आधी उघडावी. सुरुवात त्यानं केली, तर शेवटही त्यानंच करावा. थोरल्यानं का वाकायचं? तो नाही म्हणत असेल तर दिवाळीनंतर मी माझी अर्धी बाजू पाडून टाकणार आहे. राहिलेल्या अर्ध्याचं काय व्हायचं ते होवो. बापू गेले, आई गेली, आता घराचं काय घेऊन बसायचं?

यंदा भाऊबीजेला येऊ नकोस. घरात बसायला जागा नाही, आणि ओवाळून घ्यायची मनःस्थिती नाही.

सयाजी


घोडेगाव,
११ जानेवारी ९८

सयाजी आणि गोरख यांस,

वडीलपण आणि धाकटेपण या पत्रापुरतं बाजूला ठेवते.

भाऊबीजेला एकानं येऊ नको लिहिलं, दुसऱ्यानं ये म्हटलं नाही, म्हणून आले नाही. इथे चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नाहीत त्या बायका तसं करतात. शेजारणीनं दाराआडून बघितलं. त्या दिवशी माझ्या मनातून तुम्ही दोघेही उतरलात, आणि बरं झालं उतरलात, कारण आता मला स्वच्छ दिसतं आहे.

तुम्ही दोघं घर पाडायचं ठरवता आहात. घर बापूंचं होतं, त्यांनी स्वतः बांधलेलं. त्यांना मुलं तीन. गोठ्यावरून, आंब्यावरून, आईच्या पाटल्यांवरून तुम्ही भांडत बसलात आणि माझ्याकडून हक्कसोड करून घ्यायचं विसरलात. घराच्या उताऱ्यावर माझं नाव वारस म्हणून अजून आहे. मी जुन्नरच्या कचेरीत जाऊन बघून आले, ह्यांना न सांगता. वकिलालाही विचारलं. तो म्हणाला, बाई, तिसरा हिस्सा तुमचा.

तर मला माझा हिस्सा हवा. खोल्या नकोत, अंगण नको. पूर्व दादाला, पश्चिम गोरखला, आणि मधली भिंत मला. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, जोत्यापासून तुळईपर्यंत. तिला दोन्हीकडून जे काही लावलं आहे ते माझ्या मालमत्तेवर अतिक्रमण आहे. मोरी अतिक्रमण, पोती अतिक्रमण, टीव्हीचा खिळासुद्धा अतिक्रमण. होळीनंतर मी माझा गवंडी घेऊन येते आणि दोन्ही अंगांनी भिंत सोलून काढते. दारं उघडली नाहीत तर कोर्टातून उघडून घेईन. आणि माझी भिंत उभी असेपर्यंत तुमच्यापैकी एकालाही आपली बाजू पाडता येणार नाही, हेही वकिलाला विचारून ठेवलं आहे.

अंजना


डिंगोरे,
१ फेब्रुवारी १९९८

सौ. अंजना हिस,

तुझं पत्र मिळालं. एकाला आलेलं दुसऱ्याला खरं वाटेना म्हणून दोन्ही पत्रं ताडून बघावी लागली. ओट्यावर बसून बघितली, कारण एकमेकांच्या घरात आम्ही जात नाही. दोन्ही सारखीच निघाली.

दिल्या घरच्या लेकीनं भावांच्या भिंतीवर हक्क सांगावा, हे आपल्या भावकीत आजवर झालेलं नाही. तुला लुगडं-चोळी चुकली का? बाळंतपणं केली नाहीत का? मी थोरला म्हणून लिहितो की भिंत आमची आहे, बुडापासून शेंड्यापर्यंत. तुझ्या गवंड्यानं तिला हात लावला तर हात जागेवर राहणार नाही.

आता पुढचं गोरख लिहितोय. अक्का, दादा म्हणाला ते सगळं मला मान्य आहे. दादाचं काही मला मान्य होण्याची ही वेळ तू आणलीस, याची लाज बाळग. तुझ्या कोर्टाला निमित्तच मिळू नये म्हणून भिंत आम्ही दोघं मिळून करणार आहोत. त्यात तुझं काही काम नाही. तुझा पैसा नको, सल्ला नको, तूही नको. आणि दादाच्या समोर तुझी बाजू घेऊन मी इतकी वर्षं बोललो, ते शब्द परत घेतो.

दादा म्हणतो, तू बाजू कधी घेतलीस? ते राहू दे.

हक्कसोडाचा कागद करून घेतोय. पाठवू तेव्हा सही कर आणि सुटलीस.

सयाजी
गोरख


डिंगोरे,
२४ मे १९९८

सौ. अंजना हिस,

कळविण्यात येते की भिंतीचं काम पुरं झालं आहे. दोन्ही बाजू एकाच दिवशी खरवडल्या. गोरख बरोबर खरवडतो का हे बघायला मी त्याच्याकडे उभा होतो आणि माझ्याकडे तो. त्यामुळे दोघांचंही काम दुसऱ्यानं केलं. सोमाजीला समोरासमोर बसवून विचारलं, तेव्हा त्याला दोघांना सांगितलेलं एकही वाक्य आठवेना. त्याला घालवून जुन्नरचा गवंडी आणला.

खाल्लेल्या विटा काढून नव्या बसवल्या. तुळईचं कुजलेलं टोक कापून खाली दगडी खांब दिला. मोरी परसात गेली, भांडी घासायला दगडी ओटा केला, तुझ्या वहिनीला वाकावं लागत नाही. खताची पोती माझ्या गोठ्यात आहेत, गोरख भाडं देणार नाही म्हणतो, त्यावर बोलणं चालू आहे. भिंत दोन महिने उघडी वाळवली. त्या दिवसांत विटांच्या खिडक्यांतून श्रेया इकडून तिकडे जात होती, तिला कोणी मारलं नाही. मग चुना लावला.

सोबत हक्कसोडाचा कागद आहे. खुणा केल्या आहेत तिथं सही करून परत धाड. पुढे जुन्नरला येऊन अंगठे द्यावे लागतील, तारीख कळवू. तुझा-आमचा संबंध मग हिशेबापुरताही उरणार नाही.

सयाजी, गोरख


घोडेगाव,
२१ जून ९८

ती. दादास शि. सा. न. वि. वि. आणि चि. गोरख यास अनेक आशीर्वाद.

कागद पोचला. तुमचं पत्र वाचून मी रडले, हे लपवत नाही. 'तूही नको' हे तर मागच्याच पत्रात होतं, ते अजून पाठ आहे. पण ह्यांनी एक गोष्ट दाखवली ती माझ्या ध्यानात आली नव्हती. फेब्रुवारीच्या पत्रात अर्ध्यावर अक्षर बदलतं, आणि मे महिन्याच्या पत्रात एकाच वाक्यात दोन हातांची अक्षरं आहेत. दादानं शब्द लिहिला, गोरखनं तो खोडून दुसरा घातला, दादानं तो ठेवला. मला तोडायचं पत्र लिहायला तुम्ही ओट्यावर किती वेळ बसला असाल!

म्हणून सही केलेली नाही. करणारही नाही.

मी सही केली की तुम्हाला माझी भीती उरणार नाही. मग गोठ्याचं भाडं निघेल, मग आंबा निघेल, मग कुणीतरी रागानं मोरी परत आत आणील. त्यापेक्षा कागद माझ्या ट्रंकेत राहू दे. कोर्टातही जाणार नाही. नुसता ठेवणार. मला शिव्या द्यायच्या तर द्या, फक्त एकत्र बसून द्या. लोभी म्हणा, भावांच्या मुळावर उठलेली म्हणा. भावकीत सांगायला दोघांना मिळून जा.

चुन्याला वर्षभर तेलाचा रंग लावू नये. पावसाळ्यात खालच्या विटांना हात लावून बघावा, गार लागल्या तर कळवावं, मालकिणीला कळायला हवं.

भाऊबीजेला येते आहे. या खेपेला शेवटची गाडी पकडणार नाही, राहणार आहे. कोणाच्या घरात राहायचं ते तुम्ही भांडून ठरवा, पण अंथरूण भिंतीला लागून घाला. तेवढी जागा माझी आहे.

कळावे. दोघांचा मिळून राग असावा, ही विनंती.

तुमची बहीण,
अंजना